पावसाळ्यातला शनिवार-रविवार: सांगलीहून मासळी बंदर बघायला कधी आणि कसं जायचं?

हळदपेठ
सहा जण, त्यात दोन लहान मुलं, एक गाडी. शनिवारी निघून रविवारी रात्रीपर्यंत सांगलीत परत यायचंय. समुद्रात डुंबायचं नाही. बंदर बघायचं, लिलाव बघायचा, बाजारात फिरायचं आणि येताना पाच-सहा किलो मासळी आणायची. जुलैचा तिसरा आठवडा डोक्यात आहे. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर बरं की दापोलीकडचं हर्णै? आणि पाच तासांच्या प्रवासात मासळी टिकते का? जाणकारांनी तपशिलात सांगा. "भारी जागा आहे, बिनधास्त जा" असले प्रतिसाद नकोत.

काटा_काढू
जुलै बाद करा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. बंदरावर गेलात तर ओढून ठेवलेल्या, ताडपत्री घातलेल्या होड्या आणि जाळी तुणणारी माणसं दिसतील. बघायला तेही वाईट नाही, पण लिलाव नाही आणि बर्फाची लगबगही नाही.

बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते. त्यामुळे खाडीतली थोडी मासळी, कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या शहरातल्या बाजारात येतात. पण माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त, भाव चढेच असतात.

जुलैत कुणी "आजची सुरमई" म्हणून पुढे केली तर दोनच शक्यता. एक तर ती शीतगृहातली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून आलेली. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे आपल्याकडे बंद असताना त्यांच्या नौका समुद्रात असतात. तो मासा खराबच असतो असं नाही. पण तो सांगलीतही मिळतो, त्याच्यासाठी आंबा घाट उतरायची गरज नाही.

मिरजकर_७५
सहमत. फक्त एक जोडतो. १ ऑगस्टला बंदी उठते म्हणून २ ऑगस्टला गाडी काढू नका. वारा पडला नसेल तर बऱ्याच नौका नारळी पौर्णिमेपर्यंत निघतच नाहीत. त्यात श्रावण. सहा जणांत चौघे श्रावण पाळणारे निघाले की आणलेल्या मासळीचं काय करणार? नंतर गणपती, आणि त्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्यांनी कोकणातला महामार्ग भरून वाहतो.

सरळ हिशोब: गणपती विसर्जनानंतरचे दोन-तीन शनिवार-रविवार. पाऊस असतो, घाट हिरवा असतो, आणि १ सप्टेंबरपासून पर्ससीन जाळ्यांची (थव्याला घेरून तळ आवळायची मोठी जाळी) मुदत सुरू झालेली असते (ती ३१ डिसेंबरपर्यंत). बांगडा-तारलीचा थवा लागला तर जेट्टीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला ट्रॉलरवाल्यांकडे (मागे जाळं ओढत नेणाऱ्या नौका) कोळंबी जास्त असते, मोठा मासा कमी.

हळदपेठ
म्हणजे सप्टेंबर. बरं झालं विचारलं. कुठलं बंदर?

आंबाघाट_रोज
सांगलीकरांना मिरकरवाडा. सांगली, अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. साधारण १८० किमी. कोरड्यात चार तास, पावसात पाच धरा. हर्णै दापोलीच्याही पुढे आहे, सांगलीहून दोन दिवसांत जाऊन येणं म्हणजे नुसतं गाडीत बसणं. ते सातारकरांचं ठिकाण.

निघण्याआधी तीन आकडे बघायचे.
कोल्हापूरचा राजाराम बंधारा, पंचगंगा: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.
सांगलीचा आयर्विन पूल, कृष्णा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका.
आणि रत्नागिरी जिल्ह्याचा हवामान इशारा.

पंचगंगा चाळिशीकडे निघाली असेल तर बेत पुढे ढकला. रेडेडोह (पंचगंगेचं पाणी जिथून पात्राबाहेर पडतं ती जागा) फुटला की पाणी पसरतं आणि केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता बंद होतो. जाताना नव्हे, येताना अडकण्याची भीती जास्त, कारण धरण क्षेत्रातल्या पावसाचं पाणी कोल्हापुरात उशिरा चढतं. तुम्ही उन्हात जेट्टीवर फिरताय आणि मागे रस्ता बंद, असं होतं. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता.

केर्ली बंद झालीच तर रत्नागिरी, संगमेश्वर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कराड आणि मग सांगली. जवळपास ९० किमी वाढतात. बर्फाचा हिशोब या लांबच्या रस्त्याचा करा, जवळच्या नाही.

आंबा घाटात दिवसाच उतरा. धुकं इतकं येतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवाच काय तो दिसतो. अशा वेळी हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीम आणि फॉग लॅम्पच ठेवा. चारी इंडिकेटर लावून चालवू नका, वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. आणि कड्याखाली फोटोला थांबायचं नाही. दरड सांगून येत नाही.

अजिंक्यताऱ्याखालून
सातारकर इथेच आहेत हो. हर्णैला आम्हाला दोन वाटा. महाबळेश्वर-पोलादपूर-खेड-दापोली, किंवा कराड-कुंभार्ली-चिपळूण-खेड-दापोली. पहिली जवळची, पण आंबेनळी घाटात दरडी फार. जोरदार पावसात दुसरीच धरायची. हर्णैचा लिलाव वाळूवर होतो, समोर सुवर्णदुर्ग. सकाळी सातच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी चार-पाचला. पण किनारा उघडा आहे. वारा सुटला की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात आणि हर्णैची वाळू रिकामी. पावसाळी हवेत मिरकरवाडा जास्त भरवशाचं, हे मान्य.

तांडेल_नाही_पण
इथे एक मोठा गैरसमज होतो म्हणून सविस्तर लिहितो. बंदरात होड्या खच्चून लागलेल्या दिसल्या म्हणजे मासळी भरपूर, असं लोकांना वाटतं. उलटं आहे. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की नौका परत येतात आणि बांधून ठेवतात. फोटोला झकास, लिलावाला काही नाही. बंदर अर्धं रिकामं आणि तोंडाशी एकेक नौका आत येतेय, तो खरा मासळीचा दिवस.

म्हणून गुरुवार-शुक्रवारी बावट्याची बातमी बघा. बावटा शुक्रवारी उतरला असेल तर शनिवारी जाऊन उपयोग नाही. नौका आत्ता कुठे निघालेल्या असतात आणि ट्रॉलर बरेचदा दोन-चार दिवस बाहेर राहतात. बावटा सोमवार-मंगळवारी उतरला आणि हवा तशीच राहिली, तर शनिवार-रविवार सोन्यासारखा.

दुसरी गोष्ट भरतीची. बंदराच्या तोंडाशी गाळ साचतो, भरलेली मोठी नौका भरतीच्या पाण्यावर आत घेणं सोपं जातं. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन: दुपारी आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा, आणि तेव्हा उधाण. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला पुरे. तिथी कालनिर्णयात असतेच.

हळदपेठ
हे पाऊणपटीचं लई भारी. मग आम्ही नेमकं किती वाजता जेट्टीवर असावं?

तांडेल_नाही_पण
शनिवारी सकाळी सातला सांगली सोडा. दुपारी जेवण, मुक्कामी सामान टाकून चारला जेट्टीवर. ही फेरी फक्त बघायची. कुठल्या नौकेतून काय उतरतंय, भाव कुठून कुठे जातो, बर्फ कुठे मिळतो, साफ करून देणारे कुठे बसतात, सगळं हेरून ठेवा. खरेदी रविवारी सकाळी, उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत. मासळी ही निघण्याआधीची शेवटची खरेदी. शनिवारी घेऊन लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवतो म्हणणाऱ्याला लॉजवाला हात जोडतो.

कोळीणमावशीची_गिऱ्हाईक
लिलावाबद्दल थोडं. बोली लागते ती टोपलीवर किंवा क्रेटवर, किलोवर नाही. घेणारे व्यापारी, कंपनीवाले आणि बाजारात बसणाऱ्या बायका. तुम्ही मध्ये हात वर करून "दोन किलो द्या" म्हणालात तर कुणी ढुंकून बघणार नाही. लिलाव लांबून बघायचा, आणि टोपली घेऊन बाजूला बसलेल्या बाईकडून वाटा घ्यायचा. मावशी म्हणा, नीट बोला, भाव जरूर करा, पण सांगितल्याच्या निम्म्यावर सुरुवात करू नका. तिने ती टोपली दहा मिनिटांपूर्वी किती बोलीवर घेतली हे तुम्ही समोर ऐकलेलं असतं. त्यावर तिचा नफा धरून बोला, पटकन जमतं.

वाट्यात वरचे मासे मोठे आणि खालचे बारीक असतात. वाटा हाताने पसरून बघायला मागितला तर रागावत नाहीत. प्रत्येक मासा उचलून बोटाने दाबत बसलात तर मात्र रागावतात, आणि बरोबर आहे त्यांचं.

घेताना काय बघायचं:
बांगडा: डोळा फुगीर आणि काचेसारखा, कल्ले लालभडक, डोक्याला धरून आडवा उचलला तर शेपटी खाली लोंबत नाही. पोट मऊ लागलं तर सोडून द्या.
पापलेट: कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं दुधाळ पाणी यावं. लालसर किंवा तपकिरी आलं तर शिळं.
सुरमई: कापलेले तुकडे नको, अख्खी घेऊन समोर कापून घ्या.
कोळंबी: डोकं धडाला घट्ट, कवच चकचकीत. डोकं सैल आणि मानेशी काळं पडलेलं म्हणजे जुनी.
चिंबोरी: जिवंतच, आणि आकाराच्या मानाने जड. अमावास्येला भरलेली, पौर्णिमेला पोकळ असं सगळे सांगतात, पण हातात तोलून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये.
तिसऱ्या: तोंड उघडं असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत.

किती घ्यायचं? अख्खी कोळंबी एक किलो सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते. सहा जणांना दोन वेळा म्हणून दोन किलो बांगडा, दीड किलोची एक सुरमई आणि दीड किलो कोळंबी पुष्कळ झालं.

बर्फवाला_नव्हे
आता टिकवण्याचं. नियम एकच: जितकी मासळी तितकाच बर्फ, वजनाने. पाच किलोला पाच किलो. कुंभार्लीचा लांबचा फेरा धरून सात किलो घ्या. बर्फ फोडलेला, भुगा हवा. मोठा ढेकळा माशाला एकाच जागी टेकतो, बाकी मासा गरमच राहतो. जेट्टीजवळ नौकांसाठी लाद्या फोडून देतात, तिथेच मागा. तो बर्फ सरबतात घालायचा नाही, खाण्यासाठीचा नसतो तो.

खोका थर्माकोलचा, किमान २५ लिटरचा. पाच किलो फोडलेला बर्फच नऊ-दहा लिटर जागा खातो. लोक दहा लिटरचा खोका आणतात आणि मग बर्फ कमी घालतात, मासळी वाया जाते ती बहुतेक याच कारणाने.

भरण्याची रीत:
तळाला प्लास्टिकची छोटी जाळीची ट्रे पालथी. वितळलेलं पाणी तिच्याखाली साचतं, मासा पाण्यात बुडत नाही.
तिच्यावर चार बोटं बर्फ.
मग मासे एका थरात, साफ केलेले असतील तर पोट खाली करून, मोठ्या माशाच्या पोटातही मूठभर बर्फ.
पुन्हा बर्फ, पुन्हा मासे, आणि सगळ्यात वर जाड थर. गरम हवा झाकणाकडून येते, म्हणून वर कंजूषपणा नको.
झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी.

कोळंबी वेगळ्या पिशवीत, सोलायची नाही. डोकी मात्र तिथेच काढून टाका, काळं पडायला सुरुवात डोक्यातल्या पाचक रसांमुळे होते. सुरमईचं पोट साफ करून घ्या. बारीक मासे तसेच आणले तरी चालतात, पण घरी पोचल्यावर लगेच साफ करा. जेट्टीच्या कडेचं पाणी काढून मासे धुवायचे नाहीत, त्यात डिझेल असतं. पिण्याचं पाणी वापरा.

मलकापूरला थांबून खोक्यातलं पाणी एकदा काढा, पण बाटलीत किंवा डब्यात. रस्त्यावर ओतू नका.

ताराबाई_किचन
बर्फाचा मुद्दा बांगडा, तारली, सुरमई आणि कुप्यासाठी (ट्यूना) फार महत्त्वाचा आहे. हे मासे तीन-चार तास गरम राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून जात नाही. परत बर्फात घातलं तरी तयार झालेलं तसंच राहतं. वास नेहमी येतोच असं नाही, फक्त खाताना जिभेला चुरचुर लागते. मग चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं. लोकांना वाटतं मासा बाधला किंवा ॲलर्जी आहे. चुरचुर लागली तर ताट बाजूला करा, आणि त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जा.

हळदपेठ
खोक्याची नोंद केली. मुलांचं काय? जेट्टीवर नेणं बरं की नको?

मिरजकर_७५
न्या, पण हात धरून. फरशीवर खवलं, पाणी, तेल, सगळं एकत्र असतं. सपाट तळाची चप्पल घसरते, खाचेदार रबरी बूट घाला. छत्री नको, रेनकोट. वाऱ्याने छत्री उलटते ती सरळ डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या तोंडावर. ताणलेल्या दोरखंडाच्या रेषेत उभं राहायचं नाही. नौका लाटेबरोबर मागे गेली की दोर झटक्यात ताठ होतो आणि अडकलेला पाय मोडतो. पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. फोटोआधी विचारा.

जुने व्हिडिओ बघून "जेट्टीवरच्या टपरीत चहा घेऊ" असं ठरवू नका. जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाड्यावरची अतिक्रमणं हटवली, तेव्हा जुन्या खुणा जुळतीलच असं नाही.

पाऊस झोडपायला लागला तर शहरातल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, देवमाशाचा सांगाडा बघून मुलं गप्प बसतात. थिबा राजवाडाही आहे. रत्नदुर्गावरून बंदर दिसतं, पण वारा असेल तर तटाच्या कडेला जाऊ नका.

गळ_आणि_गोळी
सगळे समुद्रावर गेले. ज्यांना जुलैतच बाहेर पडायचंय त्यांनी काय करायचं? कृष्णाकाठ आहे की. जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, मरळ, वाम, शिंगटी, ओढ्यात नुसता हात घातला तरी सापडतात.

काटा_काढू
हीच गोष्ट करू नका. चढणीचा मासा अंडी घालायला वर येतो. पोटात गाभोळी असलेली एक मादी काढली म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे काढले. समुद्रात ६१ दिवस बंदी पाळायची आणि ओढ्यात मच्छरदाणी लावायची, हा कुठला न्याय? पोटाखाली पिल्लं असलेली खेकडीण मिळाली तर तीही सोडून द्यायची.

गळ_आणि_गोळी
मच्छरदाणीला माझाही विरोध आहे. गळाने चार मासे काढणाऱ्याने नदी रिकामी होत नाही. नदी रिकामी होते ती मळीच्या पाण्याने. मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो गळवाल्यांनी पाडला नव्हता.

काटा_काढू
ते खरंच. पण एका पापाने दुसरं धुतलं जात नाही. आणि त्यावरून एक सूचना: नदीत मासे तरंगायला लागले की त्या आठवड्यात नदीचा मासा स्वस्त होतो. कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही.

औदुंबरवाट
जुलैत नदीच्या घाटावर जाणाऱ्यांनी मगरी विसरू नका. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ, अगदी हरिपूरच्या संगमापर्यंत मगरी दिसतात. पाणी गढूळ असलं की पायरीखाली काय आहे ते दिसत नाही. पूर ओसरताना त्या नदीकाठच्या मळीच्या रानात आणि ओढ्यात शिरतात. पाण्यापासून चार-पाच पायऱ्या वर थांबा, खाली बसून पाय सोडायचे नाहीत. मुलांना तर नाहीच.

नदीचा मासा बघायचा असेल तर बाजारात जा. कटला, रोहू, मृगळ, चिलापी जास्त करून धरणातले आणि तळ्यातले असतात. जिवंत मरळ पाण्याच्या टपात ठेवलेली असते, हवेतूनही श्वास घेते म्हणून तगते. घेताना टप नीट झाकलाय का बघा, उडी मारून बाहेर पडते.

सुकट_सम्राट
आणि बंदीच्या दिवसांत सुकं खावं, पूर्वापार तेच चालत आलंय. पण ते मे महिन्यात भरायचं. जुलैत उघड्या टोपलीतलं सुकट दमट झालेलं असतं, हातात दाबलं की गोळा होतो. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर घेऊ नका, मिठात वाढणारे जिवाणू असतात ते. सोडे फार भडक लाल असतील तर शंका घ्या. घरी आणल्यावर तव्यावर मंद आचेवर कोरडे भाजायचे, पूर्ण गार करायचे आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. गरम असताना डबा बंद केला तर आतल्या वाफेने आठवड्यात बुरशी.

हळदपेठ
सगळ्यांचे आभार. गणपतीनंतरचा दुसरा शनिवार पक्का केला. २५ लिटरचा खोका, जाळीची ट्रे, चिकटपट्टी, पिण्याच्या पाण्याचा कॅन, रबरी बूट. शेवटचा प्रश्न: डिकीत पाणी सांडलंच तर वास कसा घालवायचा? गाडी मेहुण्याची आहे.

बर्फवाला_नव्हे
आधी गार पाण्याने पुसा. गरम पाणी घातलं तर रस गालिच्यात पक्का बसतो. मग एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, फडक्याने दाबून लावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा गार पाणी. माशाचा वास आम्लाने मरतो, अत्तराने नाही. मग डिकी उघडी टाकून पूर्ण वाळवा, ओली राहिली तर वेगळाच वास सुरू होतो. त्यापेक्षा खोक्याखाली शेतातल्या प्लास्टिक कागदाचा तुकडा टाका, चारी कडा वर दुमडून. मेहुण्याला अर्धा किलो कोळंबी दिली की बाकीचं आपोआप मिटतं.